तीन पाण्यांचा राजवाडा

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी पांढऱ्या मातीचा एक राजवाडा होता आणि त्याच्या भिंती आतून पाण्याने बोलत असत. वरच्या ओढ्याचे पाणी एका मोठ्या हौदात येई, हौदातून खापराच्या नळांनी भिंतींमध्ये शिरे आणि मुदपाकखान्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळीकडे फिरे. त्यामुळे भर वैशाखातही राजवाडा गार राही. राज्यावर सुकेतू राजा होता. त्याची राणी वेणुमती कोरड्या पठारावरच्या मुलखातून लग्न होऊन आली होती. भिंतीतले पाणी कानाशी खळखळते याची सवय व्हायलाच तिला कितीतरी दिवस लागले होते.

एके सकाळी राणी दरबारात आली, तो सिंहासनामागच्या भिंतीतून पाण्याची धार लागलेली. तिने गवंड्यांना बोलावले. त्यांनी भोक बुजवले. दुपारपर्यंत पाणी देवघरात निघाले. देवघर बुजवले, तर शस्त्रागारात ढालींवरून ओघळू लागले. शस्त्रागारात हात घालावा तो मुदपाकखान्याच्या छतातून चुलींवर टपटप सुरू झाली आणि आचाऱ्यांनी भांडी उचलून अंगणात चुली मांडल्या.

"हौदाच्या तोंडाला डाट बसवा," राणी म्हणाली. "पाणीच सोडू नका. मग गळेल कुठून?"

हौदाचे तोंड बंद झाले. न्हाणीघरातले नळ कोरडे पडले, अंगणातले कारंजे थांबले, आणि भिंती गळतच राहिल्या.

राणी ओल्या फरशीवर उभी राहिली. तिला काही सुचेना. पाणी बंद केल्यावरही जे वाहते, ते कुणाचे पाणी? तिने भिंतीला हात लावला. भिंत मऊ लागली. बोटाने दाबताच पांढऱ्या मातीचा पोपडा निघून तिच्या पायावर पडला. मुख्य गवंडी हळू आवाजात म्हणाला, "राणीसाहेब, दगडाची भिंत गळली तर गळू द्यावी. ही मातीची आहे. आणखी थोडे दिवस अशीच भिजली तर उभी राहणार नाही."

राणीला सगळ्यात आधी आठवल्या त्या आईसाहेब. सुकेतूची आई, राजमाता, वाड्याच्या मागच्या दालनात बिछान्याला खिळून होती. राणी धावत तिकडे गेली. दालनाची डोंगराकडची भिंत वरपासून खालपर्यंत भिजली होती, फरशीवर घोटाभर पाणी होते, पण आईसाहेबांचा पलंग कोरडा होता. पाणी पलंगापर्यंत येई आणि वळसा घालून पुढे जाई.

"आईसाहेब, आपण इथून हलावे. मी पालखी आणवते."

"सूनबाई, मी इथून हलणार नाही," राजमाता म्हणाली. "आणि या भिंतीला कुणी हात लावायचा नाही."

"का, आईसाहेब?"

राजमातेने तोंड फिरवले.

राणीने राजाला गाठले. "महाराज, आईसाहेबांच्या दालनाची भिंत फोडून बघायला हवी."

सुकेतू राजा शांत स्वभावाचा, राणीवर कधी आवाज न चढवणारा. पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला. "सगळा वाडा फोड," तो म्हणाला. "ती भिंत सोडून."

"कारण?"

"कारण विचारू नकोस."

आता राणीचा गोंधळ दुप्पट झाला. पाणी खरे बोलत नव्हते आणि माणसेही बोलत नव्हती. ती गच्चीच्या जिन्यात जाऊन बसली. कठड्यावर एक खंड्या बसला होता, निळ्या पाठीचा, लांब चोचीचा. तो खाली साचलेल्या पाण्याकडे टक लावून बघत होता.

"इथे मासा मिळायचा नाही," राणी त्याला म्हणाली.

"ठाऊक आहे," खंड्या म्हणाला. "मी पाणी मोजतो आहे."

राणीच्या मुलखात पक्षी बोलत नसत. पण सकाळपासून इतके काही उलटे घडले होते की तिने तेही मानून घेतले. "किती भरले?"

"तीन. या वाड्यात तीन पाणी वाहताहेत आणि तू एकच समजून बुजवते आहेस. एकाचे भोक बुजवतेस, दुसरे त्याच्या वाटेने जाते. तिघांना आधी वेगळे कर."

"पाण्यासारखे पाणी. मी ओळखू कसे?"

"तोंडाने सांगत नसेल तर रंगाने सांगेल," असे म्हणून खंड्या उडाला आणि डोंगराकडे गेला.

राणी जिन्यातच विचार करत बसली. मग उठली, कोठारातून हळदीची पोती काढवली आणि हौदात रिकामी केली. रंगाऱ्यांकडून नीळ मागवून ती गच्चीवर साचलेल्या पावसाच्या पाण्यात कालवली. डाट काढवला, आणि स्वतः एकेका दालनात जाऊन भिंती बघू लागली.

शस्त्रागाराच्या ढालींवरून पिवळे पाणी उतरले. मुदपाकखान्याच्या छतातून निळे ठिबकले. दरबारात सिंहासनामागे हिरवी धार लागली आणि दरबारी मंडळी घाबरून मागे सरली. राणी मात्र जरा हसली, कारण हिरवे म्हणजे दोन्ही मिळून, एवढे तिला कळले.

आईसाहेबांच्या दालनात पाणी नितळ होते. त्यात पिवळाही रंग नव्हता आणि निळाही नव्हता.

राणीने पहिले काम हाती घेतले. पुन्हा डाट बसवला. शस्त्रागाराची भिंत डागापाशी उकरली, पण तिथला नळ धड होता. गवंडी म्हणाले, "राणीसाहेब, ओल दिसते तिथे भोक असतेच असे नाही. पाणी नळावरून घरंगळत येते." मग ते आणि राणी नळाच्या चढाने उकरत उकरत वर गेले. देवघराच्या कोनाड्यामागे दोन नळांचा सांधा निखळलेला सापडला. त्यांनी तो पुसून पूर्ण सुकू दिला. राणीला घाई झाली होती, पण ओल्यावर काही धरत नाही म्हणून ती गप्प बसली. मग चुना, जवसाचे तेल आणि पिंजलेला कापूस एकत्र कुटून लगदा केला, सांध्यात ठासला आणि वरून तागाची पट्टी घट्ट गुंडाळली. लगदा कठीण झाल्यावर पाणी सोडले. पिवळे पाणी नळातच राहिले.

दुसरे काम गच्चीवरचे. पावसाचे पाणी जिथून खाली जायचे ती पन्हळ पाल्याने आणि काटक्यांनी गच्च भरली होती. राणीने पदर खोचला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि कचरा ओढून काढला. निळे पाणी मोठा आवाज करत पन्हळीतून अंगणात गेले. गच्चीला पडलेल्या भेगा गवंड्यांनी बुजवल्या. मुदपाकखान्याचे छत थांबले.

तिसरे पाणी मात्र त्या दोघांची वाट मोकळी होण्याचीच वाट बघत असावे. ते आता दुप्पट जोराने आले. राजमातेच्या दालनातून ओसरीवर, ओसरीवरून दरबारात. मागची भिंत पोटासारखी फुगली.

राणी राजापाशी आली. तिचे हात निळे होते, केसांत चुना होता. "महाराज, दोन पाणी मी ओळखली. तिसरे आपल्याला ठाऊक आहे. मला नाही. आईसाहेब त्या भिंतीखाली आहेत आणि मी त्यांना कशापासून वाचवू, हेच मला कळत नाही."

राजाने तिच्या निळ्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, "माझ्या जन्माच्या वर्षी दुष्काळ पडला होता. ओढा आटला, हौद आटला. आईसाहेबांना कळा सुरू झाल्या आणि वाड्यात घोटभर पाणी नव्हते. डोंगरावर घटनाथ नावाचा जोगी राहतो. त्याच्याकडे तांब्याचा एक रांजण होता, कधीच न सरणारा. सगळा डोंगर त्यावर जगत होता. माझे वडील त्याच्याकडे कळशीभर पाणी मागायला गेले. त्याने दिले. रात्री वडिलांनी माणसे पाठवून रांजणच उचलून आणला आणि त्या भिंतीत चिणला. जोग्याने शाप दिला, की ज्या घरात हा रांजण कोंडला जाईल त्या घरात पाणी आपली वाट विसरेल. वडिलांनी जाताना मला हे सांगितले आणि शपथ घातली, की आईला कळू देऊ नकोस. ती समजते की जोग्याने रांजण प्रसन्न होऊन दिला. तिच्या मनात माझे वडील देवमाणूस आहेत. भिंत फोडली तर मी तिला काय सांगू?"

राणीला आता सगळे कळले. पुढे काय करावे ते मात्र कळेना. कुणाची भिंत फोडणे वेगळे आणि कुणाच्या मनातला नवरा मोडणे वेगळे. पण फुगलेली भिंत तिला इथूनही दिसत होती.

"आधी त्यांना भिंतीखालून काढू," ती म्हणाली. "मग सांगण्याचे बघू."

दोघे दालनात गेले. पाणी गुडघ्यापर्यंत होते. पलंग तरीही कोरडा.

"आईसाहेब," राजा म्हणाला, "ही भिंत मला फोडावी लागेल. आत काय आहे ते आपल्याला सांगायला हवे."

"रांजण आहे," राजमाता म्हणाली. "चोरीचा."

राजा भिंतीकडे वळला.

"मी इतकी वर्षे या भिंतीशी उशी लावून निजते आहे, सुकेतू. ते पाणी भिंतीत सारखे एकच म्हणत असते, मला घरी न्या. पहिल्याच दिवशी मला कळले. तुला मात्र कधी कळू नये असे वाटे. ज्या रांजणाशेजारी तू वाढलास तो चोरीचा, हे मुलाने का ऐकावे? म्हणून भिंतीला हात लावू दिला नाही."

आई आणि मुलगा एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनी एकच गुपित एकमेकांपासून लपवण्यासाठी एक भिंत राखली होती. राणीला हसावे की रडावे ते समजेना. तिने फक्त आईसाहेबांना उचलले. त्या वजनाने अगदी हलक्या लागल्या. राणी त्यांना घेऊन अंगणात गेली.

राजाने स्वतः पहार घेतली. पहिल्या घावाला माती ढासळली, दुसऱ्याला विटा निघाल्या, तिसऱ्याला तांबे वाजले. भिंतीच्या पोटात कमरेइतका रांजण उभा होता. इतकी वर्षे तो धड होता; आता त्याच्या पोटाला उभी चीर गेली होती आणि चिरेतून पाणी उसळत होते. राजाने चिरेवर तळवा दाबला, पाणी काठावरून आले. राणीने लगदा ठासला, पाण्याने तो थुंकून टाकला.

खिडकीत खंड्या येऊन बसला. "ही चीर लगद्याची नाही," तो म्हणाला. "हा रांजण कोणाचा, ते याला सांगा. याला इथे कोणी कधी त्याच्या धन्याच्या नावाने हाक मारली नाही."

राजा मागे वळला. त्याने अंगणाकडे पाहिले. आईसाहेब पालखीत बसून त्याच्याकडेच बघत होत्या. अंगणात आचारी, गवंडी, दरबारी, सगळे उभे होते. राजमातेने मान हलवली.

"हा रांजण घटनाथांचा आहे," राजा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "माझ्या वडिलांनी त्यांच्याकडून पाणी घेतले आणि मग रांजणही चोरला. मी तो परत न्यायला काढतो आहे."

पाणी थांबले. चीर तशीच होती, पण तिच्यातून थेंबही येत नव्हता. फरशीवरचे पाणी मागे फिरले, रांजणाच्या काठावरून आत गेले आणि गप्प बसले. राजा आणि राणीने रांजण उचलला तशी रिकामी भिंत मागच्या बाजूला, डोंगराकडे कोसळली. खाली कुणी नव्हते.

डोंगराची वाट अवघड होती. राजमाता मागे राहायला तयार झाली नाही, म्हणून तिची पालखीही निघाली. वाटेत झाडे वाळलेली, पाणवठे फुटक्या खापरांनी भरलेले. माथ्यावर कोरड्या झऱ्याशी एक माणूस बसला होता, इतका वाळलेला की राणीला आधी तो झाडाचे खोडच वाटला. खंड्या त्याच्या खांद्यावर जाऊन बसला.

राजाने रांजण त्याच्यापुढे ठेवला आणि हात जोडले. घटनाथाने रांजणावरून बोट फिरवले. जिथून बोट गेले तिथली चीर मिटली. त्याने रांजण झऱ्याच्या खळग्यात बसवला, आणि झऱ्याला पाणी फुटले. ते डोंगर उतरू लागले.

"महाराज," राणी धीर करून घटनाथाला म्हणाली, "नळाचा सांधा निखळला, गच्ची तुंबली, तोही आपलाच शाप का?"

"सांधा माझ्या पाण्याच्या धक्क्याने निखळला असेल," घटनाथ म्हणाला. "पन्हळीचे माझ्यावर घालू नकोस. ती तुम्ही साफ केली नव्हती."

राणी मोठ्याने हसली. त्या सगळ्या दिवसांत तिला पूर्ण समजलेले ते पहिलेच उत्तर होते.

"आणि आईसाहेबांचा पलंग भिजला नाही तो का?"

"ती मी दिलेले पाणी प्याली होती, चोरलेले नाही," घटनाथ म्हणाला. तो पालखीपाशी गेला आणि त्याने राजमातेकडे पाहिले.

"कळशी पुरली होती का, बाई?" त्याने विचारले.

"पुरली होती," राजमाता म्हणाली. "मी दोन ओंजळी प्याले. एकीने बाळाला अंघोळ घातली. आणि तरी उरले होते."

घटनाथाने झऱ्यात हात बुडवला आणि भरलेली ओंजळ तिच्या ओठांशी धरली. राजमाता सावकाश प्याली. थोडे पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळले. ते पुसायला राणी पुढे झाली, तर आईसाहेबांनी तिचा हात अडवला.

"राहू दे, सूनबाई," त्या म्हणाल्या. "वाळेल ते."

पाणी आपल्या वाटेने उतरले, डोंगर हिरवा झाला, भिंती हिवाळ्याच्या उन्हात वाळून पुन्हा पांढऱ्या झाल्या. त्या राज्याची अडचण जशी मिटली तशी ऐकणाऱ्यांचीही मिटो.