रिकामी फांदी

त्या रानात आजार पुष्कळ होते आणि वैद्य थोडे. कोण कुठे आजारी पडले आहे हे वेळेवर कळणे, हाच तिथे निम्मा उपचार होता.

हे काम कोळ्याने अंगावर घेतले. प्रत्येक बिळापासून, झुडपापासून वैद्यशाळेपर्यंत त्याने धागे ताणले. एक हिसका म्हणजे ताप, दोन म्हणजे जखम, तीन म्हणजे बाळंतपण. विणकाम अप्रतिम होते. मुख्य वैद्य अस्वलही ते मानत असे, पण कोळ्याला तसे कधी कळवले नाही. कोळी झाडावरून उतरत नसे आणि अस्वल मान वर करत नसे. दोघांचे निरोप साळुंकी नेई.

"त्याला म्हणावं, खाली येऊन एक तरी आजारी बघ," अस्वल म्हणे.

साळुंकी वर जाऊन सांगे, "वैद्यबुवांना तुमचा सल्ला हवाय."

कोळ्याच्या उत्तरातले काटेही ती वाटेतच काढून टाकी. रान त्यावर चालले होते.

एके दुपारी हरिणीच्या पाडसाला धाप लागली. धापेसाठी हिसका ठरलेलाच नव्हता. हरिणीने घाबरून धागा एकदा ओढला. वैद्य तापाचा काढा घेऊन आले. पाडसाला तो गिळता आला नाही. ऊन कलायच्या आत पाडस गेले.

त्या दिवशी साळुंकीने दोघांनाही एकच गोष्ट सांगितली, तीही जशीच्या तशी. "धापेसाठी हिसका हवा, हे मी दोघांनाही सांगितलं होतं. आता तुम्हीच समोरासमोर बसा."

"धागा चुकला नाही, ओढणारी चुकली," कोळी म्हणाला.

"हिसके ठरवताना मला कोणी विचारलं?" अस्वल म्हणाले.

दोघेही हे तिलाच म्हणाले. ती रान सोडून गेली.

थंडीत धापेची साथ आली. बिळांमागून बिळे ओस पडू लागली, तेव्हा अस्वल एका सकाळी झाडाखाली जाऊन उभे राहिले. कोळीही उतरला. आयुष्यात पहिल्यांदा ते दोघे हातभर अंतरावर आले. वर सगळे धागे एकाच वेळी थरथरत होते.

अस्वलाने घसा खाकरला आणि साळुंकी बसायची त्या रिकाम्या फांदीकडे तोंड केले.

"याला सांग," ते म्हणाले.

कोळीही त्या फांदीकडेच बघत होता.