लाडाची लवंगी

राजेसाहेबांच्या बागेतली लवंगी मिरची त्यांच्या मेहुण्यानं कचाकचा चावून खाल्ली, वर ढेकर दिला आणि भर पंगतीत विचारलं, "दाजी, ही मिरची की काकडी?"

झालं. राजे रणधवलांचा घास हातातच राहिला. मेहुण्यानं त्यांच्या तलवारीला नावं ठेवली असती तर त्यांनी ते हसून सोडून दिलं असतं. पण ही मिरची त्यांनी स्वतःच्या हातानं लावली होती! राजवाड्यामागं वाफा केला, त्यावर रेशमी छत बांधलं. रोपांना सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी वाळा घातलेलं पाणी, आणि वर चमचा चमचा दूध. कुंडीत मिरची लावून बघितलेल्या कुणालाही हा लाडाचा रोग माहीत असतो. काहींना जरा जास्तच माहीत असतो.

"रोपं कुणी दिली होती?" राजे गरजले.

रोपं दिली होती ठकूनं. ठकू राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पाट्यावर वाटायला बसायची. तिच्या खोपटामागच्या परसात लवंगीची झाडं होती. बी तिच्या आईचं, राखेत घोळून जपलेलं. त्या मिरचीचा ठेचा करून ठकू बाजाराच्या दिवशी विकायची, आणि ठेचा घेणारे लोक घरी पोचेपर्यंत नाक पुसत असायचे.

ठकूला वाफ्यापाशी उभं केलं.

"आम्हाला भाजीची मिरची दिलीस आणि लवंगी स्वतःला ठेवलीस!"

"सरकार, मिरच्या खाली लोंबतायत की वर बघतायत?"

राजांनी वाकून बघितलं. एकूण एक मिरची आभाळाकडं तोंड करून उभी.

"वर बघतायत. मग?"

"भाजीची मिरची खाली मान घालून असते, नव्या सुनेसारखी. ही बघा कशी नाक वर करून उभी आहे. लवंगीच आहे ही. माझ्या परसातलीच, एकाच बियाची."

"मग तिखट का नाही?"

ठकूनं रेशमी छताकडं बघितलं. वाफ्यातल्या चिखलाकडं बघितलं. राजांच्या हातातल्या चांदीच्या झारीकडं बघितलं. सगळं कळलं तिला. पण 'सरकार, तुम्हीच नासवलीत' असं राजाला सांगायची सोय नसते.

तिचं गप्प राहणं राजांना कबुलीच वाटलं. "लवंगी आहे म्हणतेस ना? मग उद्या दरबारात ये आणि माझ्याच वाफ्यातली मिरची माझ्या नाकाला झोंबवून दाखव. पण मी ती खाणार नाही, खाऊन झालीय. हुंगणारही नाही. तू ती वाटायची नाही आणि विस्तवावर टाकायची नाही. फोडणीत काय, कुठलीही मिरची ठसका आणते. जमलं नाही तर तुझ्या परसातलं झाड न् झाड मुळासकट उपटून इथं आणणार."

"दाजी, खाऊन झोंबली नाही ती नुसती बघून झोंबणार होय?" मेहुणा म्हणाला आणि पोट धरून हसला.

ठकू घरी आली. झाडांमधून हात फिरवत तिनं विचार केला. इथून उपटून त्या छताखाली नेली तर आईचं बी एका हंगामात काकडी होणार. मग तिनं राजांची अट मनात पुन्हा घोळवली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. ठकूनं राजांसमोर ताट ठेवलं, वरचं फडकं काढलं. ताटात एकच हिरवीगार मिरची. राजे हाताची घडी घालून लांब सरकून बसले.

"हं, झोंबव."

ठकूनं मिरचीला बोटसुद्धा लावलं नाही.

"आधी हिची हकिगत ऐका, सरकार. हिला जन्मात कधी ऊन लागलं नाही. तहान लागायच्या आधी पाणी, भूक लागायच्या आधी दूध. वारा आला की लोक धावले. त्यामुळं अंगावर तुकतुकी आली, नाक वर झालं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय दरारा आहे! पण दात लावला की आत नुसतं पाणी."

दरबारी मिशीतल्या मिशीत हसायला लागले.

"पण तिचा तरी काय दोष? ज्याच्या हाताखाली वाढली, त्याच्यावरच गेली."

राजांचे कान लाल झाले, नाकपुड्या फुगल्या. ते ताडकन उठले.

"ठकू! कुणाला म्हणतेस हे?"

ठकूनं शांतपणे ताटावर फडकं टाकलं.

"झोंबली, सरकार. नाकालाच झोंबली. न खाता, न हुंगता, न वाटता, न जाळता. आणि मिरची तुमच्याच वाफ्यातली."

राजांचा हात आपोआप नाकाकडं गेला. नाक खरंच तापलं होतं! त्यांनी एकदा मेहुण्याकडं बघितलं, एकदा ताटाकडं, आणि असे खदाखदा हसले की सिंहासन करकरलं.

"बाई, तुझ्या मिरचीपेक्षा तुझी जीभ बरी लवंगी! आता हिला तिखट कशी करायची तेवढं सांग."

"छत काढा. ऊन खाऊ द्या. पानं जरा माना टाकतील तेव्हाच पाणी घाला. आणि सरकारांनी झारी घेऊन तिकडं फिरकायचं नाही."

ठकूचं परस तर वाचलंच, वर किल्ल्याच्या तटाखालची उन्हाची जमीनही तिला मिळाली. रेशमी छतही मिळालं, त्याच्या तिनं चोळ्या शिवल्या.

झाडांना नवा बहार आला तसं राजांनी मेहुण्याला अगत्यानं जेवायला बोलावलं. मेहुण्यानं हसत हसत मिरची उचलली, कचकन चावली, आणि पाटावरून उडालाच.

"दाजी, पाणी! पाणी!"

वाढपी तांब्या घेऊन धावला. राजांनी हात आडवा करून त्याला थांबवलं.

"पाणी नको रे," ते म्हणाले. "लाड होतात."