तट्ट्यांचं स्वयंपाकघर

लई वर्षं झाली, डोंगराच्या पायथ्याला एक गाव नांदत होतं. त्या गावात बिरू नावाचा घोंगडी विणणारा, त्याची बायको ठकू आणि त्यांच्या दोन लेकी, एवढं चार माणसांचं घर होतं.

ठकूचं स्वयंपाकघर म्हणजे अंधारी खोली. धूर भरायचा तो जायचं नावच घ्यायचा नाही. ठकूचे डोळे बारा महिने लाल. वैद्यानं पापण्या उचलून बघितल्या आणि बिरूला बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी एक वर्ष असाच धूर खाल्ला तर बाईची नजर जाईल.

बिरूचं बायकोवर जीव तोडून प्रेम. त्यानं त्याच दिवशी ठरवलं, जुनं स्वयंपाकघर पाडायचं आणि नवं असं बांधायचं की गावानं बघत राहावं. सुताराकडून नक्षीची खिडकी करून घेतली. ती रस्त्याकडं बसवायची, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल. चूल पार पलीकडच्या कोपऱ्यात. भावकीनं माना डोलावल्या. ठकूला कुणी विचारलं नाही, आणि तीही म्हणाली, "तुम्ही कराल ते चांगलंच."

बांधायला लिंबाजी गवंडी आला. म्हातारा माणूस, बोलणं कमी. त्यानं बिरूनं जमिनीवर आखलेल्या चुन्याच्या रेघा बघितल्या आणि विचारलं, "चूल कोण पेटवणार?"

"ठकू. दुसरं कोण?"

"मग आधी तिला इथं आठ दिवस रांधू दे. मातीची भिंत एकदा उभी राहिली की ती कुणाचं ऐकत नाही. तट्ट्या ऐकतात."

त्यानं रेघांवर खुंट्या ठोकल्या, भिंतींच्या जागी बांबूच्या तट्ट्या बांधल्या, वरही तट्ट्याच टाकल्या आणि खिडकीच्या जागी भोक ठेवलं. आत तीन दगडांची चूल मांडली. गावाला हसायला निमित्तच मिळालं. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, बिरूच्या घरी पाया नाही पण पिठलं शिजतंय.

वारा रस्त्याच्या अंगानं यायचा आणि सगळा धूर कोपऱ्यात, ठकूच्या तोंडावर ढकलायचा. पाण्यासाठी तिला दर खेपेला अख्खी खोली ओलांडावी लागायची. तरी लिंबाजीनं रोज विचारलं की ती डोळे पुसत म्हणायची, बरंय. नवऱ्यानं एवढ्या हौसेनं आखलेलं, नाही कसं म्हणायचं?

पाचव्या दिवशी लिंबाजी बिरूला म्हणाला, "आज भाकरी तू थाप."

बिरू हसत हसत बसला. पहिली भाकरी तव्यावर पडली न पडली तोच धुराचा लोट आला. डोळ्यांना धारा लागल्या, भाकरी कुठं आणि तवा कुठं कळेना. हात भाजला. भाकरीचा कोळसा झाला. तो उठून बाहेर आला. मग म्हणाला, "ठकू, मी घर रस्त्यावरून बघत होतो. चूल कुठं पाहिजे ते तू सांग."

ठकू आत गेली. मग तिनं पदर खोचला. दगड उचलून अलीकडं आणले, वाऱ्याच्या आडोशाला. पाण्याचं मडकं हाताशी ठेवलं, जातं उजेडात. शेताकडची तट्टी वरून हातभर कापायला सांगितली, रस्त्याकडचं भोक बुजवायला. उरलेले तीन दिवस ती रांधत राहिली, कधी चूल वीतभर सरकवायची, कधी मडकं. आठव्या दिवशी धूर वरच्या वर, सरळ रेघेत बाहेर गेला.

लिंबाजीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाला, "लेकी, चाळीस वर्षं मी ओळंबा धरला, पण असं स्वयंपाकघर मला सुचलं नसतं." आणि तिच्या खुणांवरच भिंती उठवल्या. नक्षीची खिडकी बिरूनं स्वतःच उचलून मागाच्या खोलीत नेली. सुताराला जरा वाईट वाटलं, पण करता काय?

वर्ष सरलं आणि वैद्यानं ठकूचे डोळे पुन्हा तपासले. ते कवडीसारखे स्वच्छ होते. पाणवठ्यावर हसणाऱ्याच आता तट्ट्या मागायला दारात आल्या, आणि कुठल्याही गावात नवी चूल मांडायची झाली की आधी ठकूला मानानं बोलावणं यायचं. बिरूच्या घरात अन्न, आरोग्य आणि मान, तिन्ही सुखानं नांदू लागली.

बोध एवढाच: जिथं ज्याचे हात राबतात, तिथली आखणी त्यालाच विचारून करावी.