रेग्यांच्या टाकीतले किडे

“मग हे मरतात तरी कशानं?” अच्युत रेग्यांनी आवाज चढवला.

भिकूतात्यांनी मान वर केली नाही. जन्मभर बंदरावरच्या मत्स्यालयात त्यांनी खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळल्या होत्या. आता घराच्या ओट्यावर बसून फाटकं जाळं सांधत होते.

रेगे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कुणाला काही विचारायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. पण घरच्या टाकीतल्या जिवंत पोवळ्यांमध्ये किडे झाले होते. गोमेसारखे लांब, अंगभर काटेरी केस. चिमट्यानं उपसले, सापळे लावले... रोज आणखी निघत. पोवळी खाऊन टाकतील या धास्तीनं रेग्यांची झोप उडाली होती. टाकी बायकोनं हौसेनं लावलेली. ती गेल्यावर घरात जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

“हात बघू.”

किड्यांचे केस रुतून बोटं सुजली होती. तात्यांनी आतून चिकटपट्टी आणली. बोटावर दाबायची, हळूच ओढायची. केस पट्टीला लागून येत होते.

कितीतरी महिन्यांनी कुणीतरी आपला हात धरलाय, हे रेग्यांच्या ध्यानात आलं. ते उगाचच खाकरले.

“पोवळ्यांना नाय हात लावत ते. उरलंसुरलं खातात,” तात्या म्हणाले. “माशांना किती वेळा खायला घालता?”

“दोनदा.”

तात्यांनी पट्टी ओढता ओढता वर पाहिलं.

“...पाचसहा वेळा.”

“एवढी भूक असते त्यांना?”

“नसते. तळाशी साचतं सगळं, कळतं मला.” रेग्यांचा प्राध्यापकी थाट कुठल्या कुठे गेला. “पण डबा हातात घेतला की सातही मासे काचेपाशी धावत येतात हो. दुसरं कोण येतं माझ्याजवळ?”

तात्यांनी पुढचं बोट धरलं.

“आणि तुम्ही काय जेवलात आज?”

रेग्यांना आठवेना. एकट्यासाठी कुकर लावायचा म्हणजे त्यांना नको वाटायचं. काल रात्री चहाबरोबर बिस्किटं खाल्ली होती. की परवा...

“माझं जाऊ द्या,” ते चिडून म्हणाले. “किड्यांवर औषध सांगा. एवढ्यासाठी आलोय मी.”

तात्यांनी शेवटची पट्टी ओढली. बोटावरून अंगठा फिरवून पाहिला. हात मात्र सोडला नाही.

“उद्यापासून दुपारचं जेवायला इथं या.”