बाप जिवंत असताना उचललेलं मडकं

एका डोंगराळ गावात एक थकलेला कुंभार राहायचा. वयानं थकला होता, त्याहून जास्त मडकी घडवून. त्या गावात पाण्याच्या घागरींपेक्षा अंत्यविधीची मडकीच जास्त लागायची. धडधाकट माणसं पन्नाशीच्या आत जायची आणि तान्ही तर पाचवी पुजून होते न होते तोच. लोक म्हणायचे, "सटवाईनं लिहिलं तेवढंच." कुंभार मान हलवायचा. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

त्याच्या सुनेची दोन बाळं जुलाबानं गेली होती. ती पुन्हा पोटुशी राहिली तेव्हा सुईण म्हणाली, "पोरी, तळ्यात म्हशी डुंबतात. या खेपेला वरच्या झऱ्याचंच पाणी घरात येऊ दे."

"मावशी, चूल, शेण, चिखल तुडवणं... वर चढायला पाय कुणाचे आणू?" सून म्हणाली. तक्रार करायचाही जोर तिच्यात उरला नव्हता.

कुंभारानं मुलाकडे पाहिलं. मुलानं मान फिरवली. त्या गावात पाणी भरणं बायकांचं काम. पुरुषाच्या खांद्यावर भरलेलं मडकं चढायचं ते बाप गेल्यावर, स्मशानात.

"मी कसं उचलू, आबा? तुम्ही अजून जिवंत आहात!"

"खरंय," कुंभार म्हणाला. "माझा बाप कधीच गेला. मीच उचलतो."

मडकं खांद्यावर घेऊन कण्हत-कुथत तो निघाला. पारावरची माणसं दचकून उठली. "कोण गेलं हो?"

"कोणी गेलं नाही. जाऊ नये म्हणून चाललोय."

लोक म्हणाले, म्हातारचळ लागला. म्हातारा मात्र रोज चढत राहिला, दगडादगडावर बसत, स्वतःच्याच गुडघ्यांना शिव्या घालत. नात झाली. रांगू लागली, तिला दात आले. सुनेचं बाळ इतकं मोठं पहिल्यांदाच होत होतं.

मग एके सकाळी गुडघ्यांनी साफ नकार दिला. सून घागर घेऊन तळ्याकडे निघाली. कुंभारानं तिला थांबवलं आणि मुलापुढे रिकामं मडकं सरकवलं.

"आबा, तुमच्या जिवाला काही झालं तर?"

"अरे, मी मेल्यावर माझ्यासाठी पाणी वाहशीलच. ते मला पिता येणार आहे का? आत्ता आण. पोरीला तहान लागलीय."

मुलानं मडकं खांद्यावर घेतलं आणि डोंगराची वाट धरली.

कुंभार त्या दिवशी मेला नाही. त्यानंतरही बरीच वर्षं मेला नाही.

तात्पर्य: कपाळी काय लिहिलंय ते कुणाला दिसत नाही, घरात पाणी कुठलं येतं आणि ते कोण आणतं, एवढं मात्र सगळ्यांना दिसतं.