लॅपटॉप, डबी आणि शलाकाचा कान

वस्तूंच्या जगात आता जुनी झालेली ही गोष्ट आहे. एका घरात लॅपटॉप आणि मोठा हेडफोन होता. त्यांच्यावर शलाका नावाची मुलगी दूरच्या एका बाईंकडून गाणं शिकायची. त्या हेडफोनला लॅपटॉपचा आवाज पुरत नसे, म्हणून घरच्यांनी आवाज वाढवणारी एक छोटी डबी आणून दोघांच्या मधे जोडली.

लॅपटॉपला धास्ती वाटली. आपण कमी पडलो, तर पोरगी शिकणार कशी? त्याने आवाज पूर्ण चढवला. डबीलाही तीच काळजी, म्हणून तिनेही होता नव्हता तेवढा जोर लावला.

शलाकाने हेडफोन घातला आणि लगेच काढून टाकला. "मला नाही शिकायचं गाणं," म्हणत ती कान दाबून बाहेर गेली.

"तुझ्यामुळे झालं," लॅपटॉप म्हणाला.

"वा, मी आल्यावरही तुम्ही कशाला ओरडलात, दादा?" डबी म्हणाली.

गादीवर पडलेला हेडफोन म्हणाला, "भांडू नका रे. तुमचा दोघांचा जीव आहे तिच्यावर. पण तिच्या कानाजवळ मी असतो. तो कसा दचकला, ते मला कळलं."

"मग मी किती लावू?" डबीने हळूच विचारलं.

"थोडंसं लाव आणि थांब. तिला कमी वाटलं, तर ती स्वतः वाढवेल."

संध्याकाळी शलाका आली. भीत भीत तिने हेडफोन एकाच कानाला लावला. लॅपटॉप आणि डबी दोघंही जपून आवाज सोडत राहिले. जरा वेळाने तिने दुसरा कानही झाकला आणि शिकवणाऱ्या बाईंच्या मागोमाग सा लावला.