जहागीरदारांचं आत्मचरित्र

धैर्यशीलराव जहागीरदारांना आत्मचरित्र हवं होतं, पण लिहायचा कंटाळा. त्यांनी गावातल्या लिहित्या भार्गवपंतांना बोलावलं.

"लिहा तुम्ही, नाव माझं. एक ओळ खोटी नको, आणि मला मान खाली घालायला लावणारीही नको. चुकलात तर गाव सोडा."

पंतांनी पुस्तक लिहून आणलं. त्यात जहागीरदारांना पुरातून काढणारा भोई होता, अक्षर गिरवून घेणारे गुरुजी होते, दुष्काळात दागिने विकून रयत जगवणाऱ्या आईसाहेब होत्या.

जहागीरदार भडकले. "यात मी काय केलं ते कुठं आहे?"

"ते लिहायला घेतलं, सरकार, की दोनातली एक अट मोडत होती."

जहागीरदार बराच वेळ भोयाचं पान वाचत राहिले. मग त्यांनी टाक उचलला आणि शेवटी लिहिलं, 'हे पुस्तक भार्गवपंतांनी लिहिलं, त्यांचा मी ऋणी आहे.'

पुस्तकातली तेवढीच ओळ त्यांची स्वतःची. ती दोन्ही अटींत बसली.